विल्यम डायमॉक

विल्यम डायमॉक (जन्म : १८३४, मृत्यू : १८९२) हे मुंबई इलाख्याच्या लष्करी वैद्यकीय सेवेतील इंग्रज शल्यचिकित्सक आणि भारतीय वनौषधींचे अभ्यासक होते. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख (प्रिन्सिपल मेडिकल स्टोअरकीपर) म्हणून त्यांनी काम केले. 'व्हेजिटेबल मटेरिया मेडिका ऑफ वेस्टर्न इंडिया' हा पश्चिम भारतातील वनौषधींवरील ग्रंथ आणि 'फार्माकोग्राफिया इंडिका' (तीन खंड, १८९०–१८९३) हा सहलेखकांसह सिद्ध केलेला ग्रंथ, या त्यांच्या दोन प्रमुख कृती होत. वनस्पतिशास्त्रात वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे त्यांचे आडनाव लेखकनाम म्हणून वापरले जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांच्या लेखनाचा एक विशेष म्हणजे रोशा गवताच्या सुगंधी तेलाची नोंद. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, म्हणजे तत्कालीन खानदेशच्या पश्चिम भागात, हे तेल कसे काढले जाई, कोणत्या वाटेने बाहेर जाई आणि वाटेत त्यात कशाकशाची भेसळ होई, याचा तपशील त्यांच्या ग्रंथात सापडतो. अंगाला लावण्याचे तेल किती शुद्ध आहे हे कळल्याशिवाय ते किती सौम्य करावे हे ठरवता येत नाही. त्यामुळे ही नोंद औषधिविज्ञानाइतकीच आजच्या वापरकर्त्यालाही उपयोगी आहे.

पार्श्वभूमी

डायमॉक मुंबईत काम करू लागले तेव्हा भारतीय औषधींची युरोपीय पद्धतीने नोंद करण्याचे काम सुरू होऊन काही दशके झाली होती. बंगालमध्ये विल्यम ओशॉनेसी यांचा 'बेंगॉल डिस्पेन्सेटरी' हा ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एडवर्ड वेअरिंग यांनी संपादित केलेला 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' १८६८ मध्ये निघाला. या ग्रंथांमुळे अनेक देशी औषधींना सरकारी दवाखान्यात प्रवेश मिळाला. तथापि पश्चिम भारतातील बाजारात प्रत्यक्ष काय विकले जाते, ते कोठून येते आणि कोणत्या नावाने ओळखले जाते, याची एकत्रित माहिती उपलब्ध नव्हती.

मुंबईतही या विषयाचे जाणकार होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतील डॉ. भाऊ दाजी लाड (मृत्यू १८७४) यांनी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांचे तेल वापरून पाहिले होते. डॉ. सखाराम अर्जुन (१८३९–१८८५) यांनी १८७९ मध्ये मुंबईतील औषधींची सूची प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी ते एक होते. डायमॉक यांच्या कामाला मुंबईतील या अभ्यासू वातावरणाची पार्श्वभूमी होती.

औषधभांडारातील काम

सरकारी औषधभांडाराच्या प्रमुखाकडे इलाख्यातील लष्करी व मुलकी रुग्णालयांना औषधे पुरवण्याची जबाबदारी असे. बरीचशी औषधे समुद्रमार्गे इंग्लंडहून येत. ती महाग पडत, प्रवासात काही खराबही होत. ज्या औषधांना देशी पर्याय होता, ती स्थानिक बाजारातून घेणे सोयीचे ठरे. मात्र बाजारातून घ्यायचे म्हणजे माल ओळखता आला पाहिजे. एकच नाव दोन वेगळ्या वनस्पतींना असते, एकाच वनस्पतीला चार भाषांत चार नावे असतात, आणि चांगल्या मालात हलका माल मिसळलेला असतो. भांडारप्रमुखाची चूक एका रुग्णापुरती राहत नाही. ती साऱ्या इलाख्यातील दवाखान्यांपर्यंत पोहोचते.

मुंबई हे त्या काळी औषधी द्रव्यांचे फार मोठे बंदर होते. अरबस्तान, इराण, पूर्व आफ्रिका आणि सिंगापूर येथून डिंक, राळ, ऊद, मुळे, बिया आणि सुगंधी द्रव्ये येथे उतरत. कोकण, गोवा, खानदेश, गुजरात आणि दख्खनच्या पठारावरून देशी माल येई. या बाजारातील वस्तूंची पारख हाच डायमॉक यांच्या ग्रंथलेखनाचा पाया ठरला. त्यांच्या नोंदींत वनस्पतीच्या वर्णनाबरोबर बाजारातील मालाचे स्वरूप, प्रतवारी आणि व्यापाराची दिशा यांना जागा मिळाली, ती या अनुभवामुळे.

ग्रंथलेखन

'व्हेजिटेबल मटेरिया मेडिका ऑफ वेस्टर्न इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १८८३ पासून भागशः प्रसिद्ध झाला आणि १८८५ मध्ये त्याची पुढील आवृत्ती निघाली. पश्चिम भारतापुरता मर्यादित असलेल्या या ग्रंथात देशी नावे, लोकांमधील उपयोग आणि संस्कृत, अरबी व फारसी वैद्यकग्रंथांतील उल्लेख एकत्र आणले आहेत.

त्यानंतर या कामाचा विस्तार साऱ्या ब्रिटिश भारतापर्यंत करण्याचे ठरले. कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक सी. जे. एच. वॉर्डन आणि उटकमंड येथे मद्रास सरकारचे क्विनॉलॉजिस्ट असलेले डेव्हिड हूपर हे दोघे सहलेखक म्हणून सामील झाले. मुंबईची बाजारपेठ, कलकत्त्याची प्रयोगशाळा आणि निलगिरीतील सिंकोना लागवडीचा अनुभव अशा तीन ठिकाणच्या ज्ञानाचा संगम त्यातून झाला.

फार्माकोग्राफिया इंडिका

या ग्रंथाचे नाव फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांच्या 'फार्माकोग्राफिया' (१८७४) या प्रसिद्ध ग्रंथावरून घेतले आहे. ब्रिटिश भारतात आढळणाऱ्या वनस्पतिजन्य प्रमुख औषधींचा इतिहास हा त्याचा विषय. तीन खंडांचे प्रकाशन १८९० ते १८९३ या काळात झाले. छपाई मुंबईत भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात झाली. लंडन आणि कलकत्ता येथील प्रकाशकही त्यात सहभागी होते.

ग्रंथातील नोंदींची मांडणी ठराविक आहे. आरंभी वनस्पतीचे शास्त्रीय नाव व कूळ, मग ती कोठे उगवते, त्यानंतर मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड इत्यादी भाषांतील नावे येतात. पुढे इतिहास व उपयोग, वस्तूचे वर्णन, सूक्ष्मदर्शकाखालील रचना, रासायनिक घटक आणि शेवटी व्यापार अशी माहिती असते. विषारी द्रव्य असेल तर विषबाधेची स्वतंत्र माहिती दिलेली असते. लोकव्यवहार आणि प्रयोगशाळा यांना एकाच नोंदीत शेजारी बसवणारी ही पद्धत पुढील अनेक भारतीय ग्रंथकारांनी स्वीकारली.

रोशा तेल आणि नंदुरबार

रोशा हे सुगंधी बहुवर्षायू गवत आहे. संस्कृतात त्याला रोहिष म्हणतात. डायमॉक यांच्या काळात ते अँड्रोपोगॉन या प्रजातीत गणले जाई. आज त्याचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी असे आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या काळात जनरल क्लॉड मार्टिन यांनी या गवताचे बी लखनौला नेले, म्हणून रॉक्सबर्ग यांनी त्यांचे नाव या वनस्पतीला दिले. जगाच्या बाजारात या तेलाला 'पामरोझा' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्रिटिश डॉक्टरांनी निमाडच्या गवती तेलाकडे युरोपीय वैद्यकाचे लक्ष वेधले होते.

डायमॉक यांच्या ग्रंथातील माहितीनुसार पश्चिम खानदेशातील उघड्या डोंगरउतारांवर, विशेषतः अक्राणीच्या परिसरात, हे गवत भरपूर उगवे. तेल काढण्याचा उद्योग आधी पिंपळनेरला होता. तेथे गवत पुरेसे मिळत नसल्यामुळे तो नंदुरबार, शहादा आणि तळोदा या भागांत सरकला. यातील बराच तपशील १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधील माहितीशी जुळतो. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत ही सारी माहिती खानदेश या नावाखाली शोधावी लागते.

भट्टीची पद्धत

पावसाळा सरत आला आणि गवत पिकू लागले, की साधारण सप्टेंबरपासून भट्ट्या सुरू होत. गवत कापून आणणारे भिल्ल असत आणि ते विकत घेऊन तेल काढणारे मुसलमान कारागीर असत. जेथे लाकूडफाटा आणि वाहते पाणी जवळ असेल अशा ओढ्याकाठी भट्टी लावली जाई. जमिनीत सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा खणून चूल तयार करीत. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई ठेवीत. तिच्यात तीस ते पन्नास घागरी पाणी मावे. आधी थोडे पाणी, मग काठोकाठ चिरलेले गवत आणि वरून पुन्हा थोडे पाणी घालून तोंडावर धातूचे झाकण बसवीत व कडा कणकेने लिंपून घेत.

झाकणाच्या छिद्रातून बांबूची नळी काढलेली असे. तिच्यावर कापड गुंडाळून उडदाच्या पिठाचा लेप देत व दोरीने घट्ट बांधीत. नळीचे दुसरे टोक गळ्यापर्यंत वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या बंद भांड्यात सोडलेले असे. गवतातून निघालेली वाफ तेथे थंड होऊन पाणी व तेल असे मिश्रण जमे. ते भांडे भरले, की नळी काढून मिश्रण तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळीत. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येई आणि ते हलक्या हाताने काढून घेतले जाई. उरलेले सुवासिक पाणी नव्या गवताबरोबर पुन्हा कढईत घालीत, म्हणजे त्यात राहिलेला तेलाचा अंश वाया जात नसे.

१८७९-८० या वर्षी खानदेशात अशा १९७ भट्ट्या होत्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे अंदाजे ३,६०० किलो तेल निघाले. यांपैकी शंभराहून अधिक भट्ट्या एकट्या नंदुरबारकडे होत्या. सरासरी काढली तर एका भट्टीच्या वाट्याला साऱ्या हंगामात १८ किलोच्या आसपास तेल येते. गवतातील तेलाचे प्रमाण फार अल्प असते. चांगल्या प्रतीच्या शंभर किलो गवतापासून आजही अर्ध्या किलोच्या आसपासच तेल मिळते. एवढ्या मोठ्या राशीतून एवढासा अर्क निघतो, हे लक्षात घेतले म्हणजे असे तेल त्वचेवर जसेच्या तसे का लावू नये, हेही सहज समजते.

मोतिया आणि सोफिया

खानदेशातील भट्टीवाले गवताचे दोन प्रकार मानीत. फुलोरा कोवळा व निळसर पांढरा असेपर्यंत गवत 'मोतिया', आणि तो पिकून तांबूस झाला म्हणजे 'सोफिया', अशी समजूत डायमॉक यांनी नोंदवली आहे. मोतियाचे तेल अधिक नाजूक सुवासाचे व महाग, तर सोफियाचे हलके असे. दोन्ही तेले बहुधा एकत्र करून विकली जात. पुढे झालेल्या अभ्यासात हे गवताच्या वाढीचे दोन टप्पे नसून दोन स्वतंत्र वाण असल्याचे दिसून आले. भट्टीवाल्यांनी वापरलेली 'मोतिया' व 'सोफिया' ही नावे मात्र शास्त्राने तशीच ठेवली. मोतियाचे तेल 'पामरोझा' आणि सोफियाचे 'जिंजरग्रास' या नावाने विकले जाते. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल या गुलाबगंधी घटकाचे प्रमाण साधारणपणे ७५ ते ९० टक्के असते.

व्यापार आणि भेसळ

तयार तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादले जाई. एक वाट कोंडाईबारी घाटातून सुरतेला जाई आणि दुसरी धुळे-मनमाडमार्गे मुंबईला. तापी खोऱ्यातील रेल्वे तेव्हा झालेली नव्हती. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्राच्या बंदरांतून इस्तंबूलपर्यंत पोहोचे. तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळण्यासाठी त्याचा उपयोग होई. त्याआधी डिंकाच्या पाण्याबरोबर हलवून व उन्हात ठेवून त्याचा रंग व वास सौम्य केला जाई. तुर्कस्तानातून येते म्हणून युरोपात त्याला तुर्की जिरेनियम तेल असे नाव पडले. वास्तविक ते जिरेनियमचेही नव्हते आणि तुर्कस्तानचेही नव्हते. ते निमाड आणि खानदेशच्या डोंगरांतील गवताचे होते.

गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाणारे हे तेल स्वतःही भेसळीतून सुटत नसे. मुंबईच्या बाजारात त्यात टर्पेंटाइन, भुईमूग, मोहरीवर्गीय बिया आणि जवस यांची तेले मिसळली जात, असे डायमॉक यांच्या नोंदीवरून कळते. नंदुरबारच्या ओढ्याकाठी निघालेले तेल आणि रुग्णालयाच्या किंवा ग्राहकाच्या हाती पडणारे तेल या दोन वेगळ्या वस्तू असू शकत. भांडारप्रमुखाला हा फरक ओळखणे भाग होते. औषधनिर्मितीत त्यासाठी मद्यार्काची परीक्षा रूढ झाली. शुद्ध रोशा तेल ७० टक्के मद्यार्कात थोड्या प्रमाणात सहज विरघळून पारदर्शक द्रावण देते. खाद्यतेल किंवा टर्पेंटाइन मिसळलेले असेल तर द्रावण दुधासारखे गढूळ दिसते.

त्वचेवरील तेले

जुनाट संधिवात व मज्जाशूळ यांवर रोशा तेल बाहेरून चोळण्याची आणि केस गळण्यावर ते लावण्याची लोकरूढी डायमॉक यांच्या ग्रंथात नोंदलेली आहे. अशा तेलांचा गुण त्यांच्या उष्ण व उत्तेजक परिणामात मानला जाई. त्वचेकडे रक्ताचा ओघ वाढतो, उष्णता जाणवते आणि वेदना काही काळ कमी वाटते. हाच परिणाम मात्रेबाहेर गेला, की त्वचा लाल होते, जळजळते किंवा फोड येतात.

ग्रंथातील इतर नोंदींमधूनही हा मुद्दा स्पष्ट होतो. बिब्ब्याच्या टरफलातील काळा चीक त्वचेला लागला तर फोड येतात आणि जखमा होतात, हे महाराष्ट्रातील घराघरात माहीत आहे. परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी तो चीक वापरीत. औषध म्हणून तो देताना मात्र फार काळजी घेतली जाई. कडू कवठाचे तेल कोकण-गोव्याकडे हट्टी त्वचारोगांवर वापरले जाई. डोक्यातील खवड्यांसाठी ते मोगली एरंडाचे तेल, गंधक, कापूर आणि लिंबाचा रस यांच्याबरोबर मिसळून लावीत. कापरासारखे तीव्र द्रव्य स्निग्ध तेलात मिसळून सौम्य करण्याची रीत देशी व्यवहारात पूर्वीपासून होती, हे अशा नोंदींवरून दिसते.

येथे सौम्य करणे आणि भेसळ करणे यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. दोन्हींत एका तेलात दुसरे तेल मिसळले जाते. सौम्य करताना काय मिसळले आणि किती मिसळले हे लावणाऱ्याला ठाऊक असते. भेसळीत तेच त्याच्यापासून लपवलेले असते. भुईमुगाच्या तेलाची भेसळ असेल तर ठरवलेली मात्रा निष्फळ होते. टर्पेंटाइनची भेसळ असेल तर रोशा समजून रुग्णाच्या त्वचेवर दुसरेच दाहक द्रव्य जाते. जुने, हवा लागलेले टर्पेंटाइन हे रंगारी लोकांमधील त्वचादाहाचे एक परिचित कारण आहे.

आधुनिक दृष्टिकोन

आजच्या सौंदर्यप्रसाधनशास्त्रात बाष्पनशील तेल त्वचेवर निव्वळ स्वरूपात लावणे टाळले जाते. ते तीळ, खोबरे, बदाम यांसारख्या स्निग्ध तेलात मिसळतात. प्रौढ व्यक्तीच्या अंगाला लावण्यासाठी सामान्यतः १ ते २ टक्के प्रमाण ठेवले जाते आणि चेहऱ्यासाठी त्याहून कमी. १ टक्का म्हणजे १०० मिलिलिटर मिश्रणात १ मिलिलिटर बाष्पनशील तेल. एका मिलिलिटरमध्ये अंदाजे २० थेंब धरले तर ३० मिलिलिटर खोबरेलात ६ थेंब टाकल्यास सुमारे १ टक्क्याचे मिश्रण होते. थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडावर व तेलाच्या दाटपणावर अवलंबून असल्याने मापाची नळी अधिक भरवशाची असते. पाण्यात ही तेले विरघळत नाहीत. पाण्याबरोबर वापरल्यास ती वर तरंगतात आणि त्वचेला तशीच तीव्र लागतात.

रोशा तेलातील जिरॅनिऑलमुळे काही व्यक्तींना संपर्कजन्य ॲलर्जी होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात त्याचे प्रमाण ०.००१ टक्क्याहून अधिक आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्याहून अधिक असेल, तर वेष्टनावर त्याचा उल्लेख करावा लागतो. म्हणूनच नवे मिश्रण प्रथम हाताच्या आतील बाजूस अल्प जागी लावून एक-दोन दिवस पाहण्याची पद्धत आहे. तेल जुने झाले, उघडे राहिले किंवा उन्हात तापले तर हवेच्या संयोगाने त्याचे घटक बदलतात आणि ॲलर्जीचा संभव वाढतो. त्यासाठी ते गडद रंगाच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत थंड जागी ठेवतात. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि त्वचाविकार असलेल्या व्यक्तींसाठी वैद्यकीय सल्ला आवश्यक मानला जातो. प्रमाणाचा हा सगळा हिशेब बाटलीतील तेल शुद्ध आहे असे धरूनच केलेला असतो.

इतर लेखन

डायमॉक यांनी मुंबईच्या मानववंशशास्त्र संस्थेच्या (अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे) नियतकालिकातही लेखन केले. हिंदूंच्या धार्मिक विधींतील हळदीचा वापर हा त्यांच्या एका निबंधाचा विषय होता. हळद महाराष्ट्रात अंगाला लावण्याचे द्रव्य, स्वयंपाकातील मसाला आणि मंगलकार्यातील आवश्यक वस्तू अशा तिन्ही रूपांत वावरते. औषधीकडे केवळ रासायनिक पदार्थ म्हणून न पाहता तिच्याभोवतीची रूढी, नावे आणि श्रद्धा यांसह पाहण्याची त्यांची दृष्टी येथेही दिसते.

मृत्यू

डायमॉक यांचे १८९२ मध्ये निधन झाले. 'फार्माकोग्राफिया इंडिका'चा तिसरा खंड १८९३ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात, पूर्ण झाला. गवत कुळातील वनस्पतींची माहिती याच शेवटच्या खंडात आहे. त्यामुळे खानदेशच्या रोशा तेलाची या ग्रंथातील नोंद संपूर्ण ग्रंथाचा भाग म्हणून वाचकांपुढे आली तेव्हा ती पाहण्यास ते हयात नव्हते.

मर्यादा

डायमॉक यांच्या ग्रंथांना त्यांच्या काळाच्या मर्यादा आहेत. ग्रंथ इंग्रजीत असल्याने ज्यांच्याकडून माहिती मिळाली त्या बहुसंख्य लोकांपर्यंत तो पोहोचला नाही. अक्राणीच्या डोंगरात गवत कापणारे भिल्ल, रात्रंदिवस भट्टी राखणारे कारागीर आणि बाजारातील पारखी दुकानदार यांचा उल्लेख समूह म्हणून येतो, व्यक्ती म्हणून येत नाही. नळी कधी काढायची, तेल वर कधी येते, मोतियाचा वास कसा ओळखायचा, हे ज्ञान त्यांचे होते. मोतिया-सोफियाविषयीचा समज पुढे दुरुस्त करावा लागला. काही उपयोग लोकांत रूढ आहेत म्हणून नोंदले गेले. त्यांची रुग्णांवर पद्धतशीर परीक्षा झालेली नव्हती. त्यामुळे या ग्रंथांतील उपयोगांकडे ऐतिहासिक नोंद म्हणून पाहणे योग्य ठरते. ते आजच्या उपचारांचे मार्गदर्शन नव्हे.

वारसा

जॉर्ज वॅट यांच्या भारतीय आर्थिक उत्पादनांच्या कोशात (१८८९–१८९३) डायमॉक यांच्या माहितीचा आधार ठिकठिकाणी घेतलेला आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांच्या 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' (१९१८) या ग्रंथातही 'फार्माकोग्राफिया इंडिका'चे संदर्भ वारंवार येतात. के. एम. नाडकर्णी यांच्या भारतीय औषधींवरील ग्रंथापर्यंत ही परंपरा पोहोचते. १९७२ मध्ये कराची येथील हमदर्द संस्थेने 'फार्माकोग्राफिया इंडिका'चे पुनर्मुद्रण केले. मराठी वनस्पतिनामांच्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई, कोकण, गोवा आणि खानदेशात प्रचलित असलेली अनेक नावे त्यात जतन झाली आहेत.

रोशा गवत सातपुड्याच्या परिसरात आजही आढळते आणि भारतात त्याची लागवडही होते. साबण, अत्तरे, सौंदर्यप्रसाधने आणि डास दूर ठेवणारी मिश्रणे यांत त्याच्या तेलाचा उपयोग केला जातो. ओढ्याकाठच्या बांबूच्या नळीची जागा पोलादी ऊर्ध्वपातन यंत्रांनी घेतली आहे आणि शुद्धतेची परीक्षा वायुवर्णलेखन यंत्रावर होते. बाटलीत खरोखर काय आहे, हा भांडारप्रमुख म्हणून डायमॉक यांच्यापुढे असलेला प्रश्न मात्र तेल विकत घेणाऱ्या प्रत्येकापुढे कायम आहे.